थिएरी ऑन्री पाहायचा कसा

आमच्या फुटबॉल ग्राउंडवर येणारी पोरं फ्रान्सचा स्ट्रायकर (गोल करायला पुढे खेळणारा) ऑन्री याच्या गोलांची क्लिप बघतात, "पळतो भारी" म्हणतात आणि पुढच्या व्हिडिओवर जातात. मला हे मनापासून खटकतं. लंडनच्या आर्सेनल क्लबसाठी 228 गोल नुसतं पळून होत नाहीत. क्लबचा तो विक्रम अजून कुणी मोडलेला नाही. म्हणून नव्याने पाहणाऱ्या प्रत्येकाला मी एकच सांगतो: आधी एक अख्खी मॅच पाहा.

9 एप्रिल 2004, आर्सेनलचं तेव्हाचं मैदान हायबरी, समोर लिव्हरपूल. त्याच आठवड्यात आर्सेनल एफए कप आणि चॅम्पियन्स लीग, दोन्हींतून बाहेर पडलेलं. लीगमध्ये तोवर एकही हार नाही, पण हाफ टाइमला 1-2 ने मागे. मग आर्सेनलच्याच पिरेसने बरोबरी साधली. (हाच रॉबर्ट पिरेस 2014 मध्ये एफसी गोवाकडून खेळला, कुणी गोंयकार ओळखीचा असेल तर विचारा.) लगेच पुढच्या हल्ल्यात ऑन्री मध्यावरून बॉल घेऊन निघतो.

हा तुकडा तीनदा पाहा. पहिल्यांदा बॉलवर नजर ठेवा. दुसऱ्यांदा बॉल सोडून फक्त लिव्हरपूलचा डिफेंडर कॅराघरचे पाय पाहा: तो वळेपर्यंत ऑन्री निघून गेलेला असतो आणि कॅराघर आपल्याच माणसावर आदळतो. तिसऱ्यांदा ऑन्रीचा वेग पाहा. तो सुरुवातीपासून सुसाट नाहीच. जरा दबकतो, समोरच्याला ठरवू देतो, मग सुटतो.

आता डावी बाजू. तो स्ट्रायकर, पण मधे उभा राहत नाही, डावीकडे सरकतो. मोनाको आणि युव्हेंटसमध्ये त्याला बरंचसं विंगवर, म्हणजे मैदानाच्या कडेने, खेळवलं गेलं. 1999 मध्ये आर्सेनलचा मॅनेजर आर्सेन वेंगरने त्याला आर्सेनलला आणून स्ट्रायकर केलं, तरी विंगरची ती वाट त्याने सोडली नाही. तिथून आत येऊन, घोटा उघडा ठेवून, उजव्या पायाच्या आतल्या बाजूने लांबच्या पोस्टच्या आत बॉल ठेवायचा. 'मारायचा' मी मुद्दाम म्हणत नाही. पोरांना करून बघायला लावा: पेनल्टी बॉक्सच्या डाव्या कडेला खुणेचा प्लास्टिक शंकू ठेवा आणि निम्म्या ताकदीने लांबचा कोपरा गाठायला सांगा. सगळे आधी जोर लावतात आणि बॉल बाहेर जातो.

पासही पाहा. 2002-03 च्या लीगमध्ये 24 गोल आणि 20 असिस्ट (गोल करून देणारे पास)! बॉल पायात येण्याआधी त्याची मान वर असते, ते शोधा.

फ्रान्सकडून खेळताना, वर्ल्ड कपच्या पात्रता मॅचमधला, आयर्लंडविरुद्धचा 2009 चा हातही वगळू नका. बॉल हाताला लागला, त्यावरून गोल झाला, आयर्लंडचा वर्ल्ड कप गेला. हात लागल्याचं त्याने स्वतः कबूल केलं. मी त्याचा चाहता आहे, तरी तो गोल मला आजही चुकीचा वाटतो.

लोक त्याच्यावर एवढे जीव का टाकतात, हे कळायला दोन दिवस पुरेत. 7 मे 2006: हायबरीवरची शेवटची मॅच, विगनविरुद्ध हॅटट्रिक, आणि त्याने गुडघ्यावर बसून त्या हिरवळीचा मुका घेतला. दुसरा, 9 जानेवारी 2012. क्लबच्या दारात त्याचा पुतळा उभा राहून जेमतेम महिना झालेला, आणि चौतिशीतला ऑन्री लोनवर, म्हणजे दुसऱ्या क्लबकडून थोड्या दिवसांसाठी, परत येऊन लीड्सविरुद्ध बदली खेळाडू म्हणून उतरतो. दहाच मिनिटांत गोल: डावी बाजू, उजवा पाय, लांबचा कोपरा.