आधी ती बिनलेबलची डबी बाहेर काढा

गेल्या लग्नसराईत माझ्या मावसबहिणीचा फोन आला, "ताई, क्रीम बंद केली की तोंड भाजल्यासारखं होतंय, परत लावली की बरं वाटतंय, काय करू?" म्हणलं डबी घेऊनच ये. पांढरी प्लॅस्टिकची डबी, झाकणावर चकचकीत स्टिकर, त्यावर एका गोऱ्यापान बाईचा फोटो, बस्स. कोणी बनवली, कुठं बनवली, आत काय काय आहे, एक अक्षर नाही. पार्लरमधून दिलेली, "आठ दिवसात फरक बघा" म्हणून. आणि फरक पडला होता खरंच, म्हणून तर ती चार महिने लावत राहिली. स्किनच्या डॉक्टरांनी गालावरच्या बारीक लाल शिरा बघितल्या आणि लगेच विचारलं, किती दिवसांपासून स्टिरॉईड लावताय? तिला शब्दच माहिती नव्हता. चेहरा निवळायला सात-आठ महिने गेले.

तेव्हापासून कोणी मला विचारलं की ताई पॅराबेन फ्री, म्हणजे माल टिकवायला घालतात ते रसायन नसलेला, शाम्पू कुठला घेऊ, तर मी आधी विचारते, घरात अशी एखादी डबी आहे का. कारण आपण काळजी उलट्या क्रमाने करतो. मोठ्या दुकानातल्या शाम्पूवरची बारीक अक्षरं वाचत बसतो आणि सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेत स्टॉलवरून घेतलेली क्रीम न बघता तोंडाला फासतो. म्हणून मी जे सांगतेय ते जास्त धोक्याचं आधी, या क्रमाने.

एखाद्या रविवारी फरशीवर पेपर अंथरा आणि बाथरूमची फळी, आरशाचं कपाट, पर्स, पोरींच्या बॅगा, सासूबाईंचा डबा, सगळं त्यावर ओता. मग एकेक उचलून मागची बाजू बघायची. अक्षरं बारीक असतात, मोबाईलच्या कॅमेऱ्याने फोटो काढून मोठा करा, चष्मा शोधत बसू नका. आपल्याकडे २०२० चे कॉस्मेटिक्स रूल्स आहेत, त्यानुसार बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, लायसन्स नंबर, बॅच नंबर, कधीपर्यंत वापरायचं आणि घटकांची यादी हे बहुतेक वस्तूंवर लागतंच. बाहेरच्या देशातलं असेल तर आणणाऱ्याचं नाव आणि रजिस्ट्रेशन नंबर. यातलं काहीच नसेल तर ती वस्तू बाजूला, पुढं विचारच करायचा नाही, मग ती कितीही भारी वास मारू दे. यादीत जे पहिल्यांदा लिहिलंय ते सगळ्यात जास्त असतं, तिथून खाली कमी कमी होत जातं, शेवटी एक टक्क्याच्या आतले घटक मात्र कसेही लिहिलेले चालतात. म्हणजे पुढून "कोरफड" असं ठळक छापलंय आणि यादीत कोरफड पार शेवटी सापडली तर समजून घ्या किती असेल.

आता गोरेपणाच्या क्रीमचं नीट सांगते, कारण जीवाशी खेळ इथंच होतो. यात दोन गोष्टी मिसळलेल्या सापडतात. एक पारा. पारा कातडीत रंग तयार व्हायचंच अडवतो म्हणून माणूस पटकन उजळ दिसतो, पण तो कातडीतून आत जातो आणि किडनी खराब करतो. अकोल्यात एकाच घरातल्या तिघींच्या किडन्या अशा क्रीममुळे बिघडल्याचं पेपरात आलं होतं, केरळातही असे पेशंट सापडले. आपल्या नियमात क्रीममध्ये पारा घालायला बंदीच आहे, चुकून आलेला असेल तरी दहा लाख भागात १ भागाच्या वर चालत नाही. त्यामुळे लेबलवर तो बहुतेक लिहिलेला नसतोच. लिहिला तर मर्क्युरी, मर्क्युरस क्लोराईड, कॅलोमेल, ॲमोनिएटेड मर्क्युरी असं काहीतरी असतं. एक खूण मात्र लक्षात ठेवा, पाकिटावर "सोन्या-चांदीच्या दागिन्यांना लागू देऊ नका" अशी सूचना असेल तर ती क्रीम हातात पण धरू नका, पारा दागिन्याला धरतो म्हणून ती सूचना असते. आणि क्रीम लावणाऱ्याच्या पायावर, डोळ्याखाली सूज यायला लागली, लघवीला फेस यायला लागला तर अंगावर काढायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टर.

दुसरं स्टिरॉईड, म्हणजे कातडीची सूज-खाज दाबणारं औषध. बीटामेथासोन, क्लोबेटासॉल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन ही नावं. ही औषधं वाईट नाहीत, डॉक्टर थोड्या दिवसांसाठी देतात तेव्हा कामाची असतात. पण मेडिकलमधून गजकर्णाची ट्यूब म्हणून आणायची आणि तीच चेहऱ्याला लावायची, हे लई घरात चालतं. कातडी पातळ होते, पुटकुळ्या येतात, बायकांच्या गालावर लव वाढते, आणि बंद केलं की आग. गजकर्ण सुद्धा दबून परत जास्त पसरतं. म्हणून २०१८ मध्ये अशी बरीच स्टिरॉईड मलमं चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत अशा यादीत टाकली. तुम्ही आधीच महिनोन्‌महिने लावत असाल तर आज एकदम बंद करून घरी सोसत बसू नका, डॉक्टर सोडवायची पद्धत सांगतात. सिव्हिलला दाखवा, तिथं स्किनची ओपीडी आहे.

मेंदी आणि डाय. खरी मेंदी हिरवट असते, चढायला तास लागतात आणि रंग केशरी-तांबूस येतो. "काळी मेंदी" अशी झाडाला लागत नाही ओ. तासाभरात केस काळेकुळकुळीत झाले की त्यात डाय आहे, आणि बहुतेक पीपीडी म्हणजे पॅरा-फेनिलीनडायमाईन आहे. कुणाकुणाला त्याची अशी ॲलर्जी येते की डोळे उघडत नाहीत एवढं तोंड सुजतं, आणि एकदा आली की ती जन्मभर राहते. दहा वर्षं तोच डाय लावलाय काही झालं नाही, या वेळी पण होणार नाही असं नसतं. म्हणून दर वेळी थोडा डाय कोपराच्या आतल्या बाजूला लावून ४८ तास थांबायचं, खाज, पुरळ, लाली काही आलं तर तो डाय डोक्याला लावायचा नाही. भुवयांना तर कधीच नाही. पोरांच्या हातावर जत्रेत काळ्या मेंदीचं टॅटू काढतात ना, ते पण याच प्रकारातलं असतं, नको म्हणा.

कुंकवाबद्दल बोलायला मला जरा जड जातं, आपल्या जिल्ह्यात पंढरपूर, कुंकू-बुक्का तिथूनच सगळीकडं जातो, आणि माझ्या आजीच्या कपाळावर कधी डाग नव्हता. पण तिचं कुंकू हळदीचं होतं, हळकुंड, टाकणखार आणि लिंबाचा रस घालून केलेलं. आता स्वस्तातलं जे लालभडक मिळतं त्यात कपड्याला वापरतात तसले रंग असू शकतात. कपाळावर कुंकवाच्या जागीच काळपट डाग पडायला लागला तर वय झालं म्हणून सोडू नका, कुंकू बदला. टिकलीच्या जागी पांढरा डाग आला तर तो बहुतेक गोंदामुळं, त्यात पीटीबीपी नावाचं रसायन असू शकतं, ते कातडीला रंग देणाऱ्या पेशीच मारतं. टिकली लगेच बंद करायची आणि दाखवायचं, लवकर थांबवलं तर रंग परत यायची आशा असते. शेंदूर घ्यायचा असेल तर देवाला वेगळा आणि भांगात तो नकोच, शिसं किंवा पारा असलेला शेंदूर बाजारात असतोच.

काजळ बाळाच्या डोळ्यात घालू नका. दृष्ट लागू नये म्हणून घालायचंच असेल तर तळपायाला तीट लावा, तिथून तोंडात जाणार नाही असं बघा. चमकणाऱ्या दगडाचा सुरमा तर मोठ्यांनीही नको, तो बऱ्याचदा शिशाचाच दगड असतो.

मिश्री. हे लिहिणारच, कारण लोक मिश्रीला दात घासायची वस्तू समजतात. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू. टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला १९९२ पासून बंदी आहे, पण घरी तव्यावर भाजलेल्या मिश्रीला कोण अडवणार. खेड्यातल्या आपल्या मावशी-आत्या दिवसातून चार-चार वेळा लावतात, आणि पोटुशी असताना पण. तोंडाचा कॅन्सर यातून होतो. सासूबाईंना एकदम सोडवणार नाही, पण निदान पोरीच्या हातात ती डबी देऊ नका.

पावडरचं थोडक्यात. सोलापूरचा उन्हाळा, ४२-४३ डिग्री, घामोळं सगळ्यांनाच. पण बाळाच्या अंगावर डबा उपडा करून झटकायचा नाही, ती भुकटी श्वासात जाते. टाल्कबद्दल २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने "बहुधा कॅन्सरकारक" असं म्हणलंय. बोरिक ॲसिड लिहिलेली घामोळ्याची पावडर लहान बाळाला आणि फुटलेल्या कातडीला तर अजिबात नको. दिवसातून दोनदा गार पाण्याची अंघोळ आणि सुती झबलं, एवढ्यावर बाळाचं घामोळं बसतं.

केस सरळ करायचं केराटिन करणार असाल तर पार्लरवाल्या ताईंना बाटली दाखवा म्हणा. फॉर्माल्डिहाईड, मिथिलीन ग्लायकॉल, ग्लायऑक्सिलिक ॲसिड असलं काही दिसलं तर उठून या, डोळ्यांतून पाणी येईल इतका धूर होतो तो उगाच नाही. रोज दहा जणींचे केस करणाऱ्या त्या ताईंच्या छातीत किती जात असेल त्याचा पण विचार करा.

आणि ते पॅराबेन. सगळे पॅराबेन सारखे नसतात, युरोपने २०१४ मध्ये त्यातले पाच बंद केले, मिथाईल आणि इथाईल ठराविक प्रमाणात अजून चालतात. पॅराबेन काढून त्याजागी मिथाईलआयसोथायाझोलिनोन हे टिकवायचं दुसरं रसायन घातलेल्या क्रीमने पण कितीतरी जणांना ॲलर्जी आली, मग युरोपने तेही अंगाला लावून ठेवायच्या वस्तूंतून काढायला लावलं. त्यामुळे "फ्री" लिहिलंय म्हणून निश्चिंत होऊ नका. कातडी नाजूक असेल तर वासाचं काही घेऊच नका, "परफ्यूम" किंवा "फ्रॅग्रन्स" या एका शब्दाखाली पन्नास रसायनं बसतात. "आयुर्वेदिक" लिहिलेलं पण तसंच मागून वाचायचं, आणि लिंबू चेहऱ्याला चोळून आपल्या उन्हात जायचं नाही, काळे चट्टे पडतात.

आता पेपरवर जे बाजूला पडलंय त्याचं. साधं मुदत संपलेलं असेल तर कचऱ्यात. पण बिनलेबलची गोरेपणाची क्रीम बेसिनमध्ये धुऊन टाकू नका, मोलकरणीला पण देऊ नका, कोणालाच नाही. झाकण घट्ट लावा, दोन प्लॅस्टिक पिशव्यांत बांधा, पोरांच्या हाताला लागणार नाही अशा जागी ठेवा आणि डॉक्टरकडे जाताना सोबत न्या. पक्की पावती असेल तर ग्राहक हेल्पलाईन १९१५ वर तक्रार करा, अन्न व औषध प्रशासनाला पण कळवता येतं. घरात कोणी ती लावत होतं तर बाकीच्यांचंही विचारा, कारण पारा क्रीम लावलेल्या तोंडावरून टॉवेलला, उशीला लागतो आणि तिथून लेकराला. आपल्याकडं तर एकच सोलापुरी टॉवेल अख्खं घर वापरतं. माझ्या बहिणीच्या घरचे टॉवेल आणि उशांचे अभ्रे त्याच दिवशी वेगळे काढले, आणि डॉक्टरांना विचारून तिच्या तीन वर्षांच्या पोराची पण लघवी तपासून घेतली, नॉर्मल आली.