कमी फायबरचे नूडल्स कसे निवडायचे

आमच्या लातूरकडं ज्वारीच्या भाकरीशिवाय जेवण होत नाही, पण बाबांचं आतड्याचं ऑपरेशन झालं आन् डॉक्टरनं फायबर कमी करायला सांगितलं, मग रोजच्या मऊ भाताला कंटाळून आम्ही नूडल्सकडं वळलो. पांढऱ्या तांदळाचे सगळ्यात बरे, मैद्याचे उदॉन (जाड जपानी नूडल्स) चालतात, मुगाच्या स्टार्चचे पारदर्शक नूडल्सबी चालतात कारण त्यात मुगाचं साल, चोथा राहतच नाही. सोबा (कुट्टूच्या पिठाचे जपानी नूडल्स), आटा, ब्राऊन राईसवाले नकोच. पाकिटामागं बघा, एका वाढणीत फायबर 2 ग्रॅमच्या आत पाहिजे. बोटानं दाबलं की तुटेस्तोवर शिजवा, चिकनचं गाळलेलं सूप घाला, वरून अंडं फेटून सोडा, बाबा वाटी पुसून खातात. गाड्यावरच्या नूडल्समधली कोबी, शिमला मिरची, वरचे तीळ अजिबात नको. भाज्या परत कधी सुरू करायच्या ते डॉक्टरलाच विचारा.