निवासी शाळेच्या तळ्यावर आइस हॉकीची रिंक: बर्फ मोजण्यापासून पाणी मारण्यापर्यंत

अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यात, कॉन्कर्ड इथे सेंट पॉल्स ही निवासी शाळा आहे. देशातला पहिला आइस हॉकीचा सामना 17 नोव्हेंबर 1883 रोजी आपल्या लोअर स्कूल पाँडवर झाला, असा या शाळेचा दावा आहे. माल्कम गॉर्डन यांनी 1885 मध्ये इथेच खेळाचे नियम कागदावर उतरवले. त्यांच्याच हाताखाली शिकलेला होबी बेकर 1910 मध्ये शाळेतून बाहेर पडला. आज अमेरिकी पुरुषांच्या कॉलेज हॉकीचा सर्वोच्च वैयक्तिक पुरस्कार त्याच्या नावाने दिला जातो. शाळेत इस्थमियन, डेल्फियन आणि ओल्ड हंड्रेड असे तीन क्लब. सगळी मुलं क्लबात विभागली की निवडक संघाबरोबर बाकीच्यांनाही खेळायला बर्फ लागतो, तोही एकाच वेळी अनेक ठिकाणी. म्हणून अशा शाळेत रिंक, म्हणजे बर्फावरचं खेळाचं मैदान, तयार करण्याचं काम खेळाइतकंच महत्त्वाचं. ते नीट कसं करायचं, ते पुढे दिलं आहे.

आधी बर्फ मोजा

तळं पांढरं दिसलं म्हणजे ते खेळण्याजोगं झालं असं नाही. उलट सगळ्यात भरवशाचा बर्फ काळा दिसतो. वारा नसताना, बर्फवृष्टी न होता गोठलेलं पाणी काचेसारखं पारदर्शक होतं आणि खालचं काळं पाणी त्यातून दिसतं. पांढरा बर्फ भिजलेल्या हिमापासून बनलेला आणि हवेच्या बुडबुड्यांनी भरलेला असतो. त्याची ताकद निम्मीच धरावी: 4 इंच पांढरा म्हणजे 2 इंच काळा.

पायी चालायला आणि स्केटिंगला किमान 4 इंच स्वच्छ काळा बर्फ हवा. दोन्ही संघ, गोलचे सांगाडे आणि रिंकच्या कडेच्या फळ्या एकाच जागी येणार असतील तर 6 इंच होईपर्यंत थांबणंच शहाणपणाचं. स्नोमोबाइल (हिमावर चालणारी गाडी) किंवा एटीव्हीने (खडबडीत जागी चालणाऱ्या छोट्या चारचाकीने) हिम ढकलायचं असेल तर 5 ते 7 इंच लागतात. त्यात माणसांचीही गर्दी असेल तर त्याहून जास्त.

मोजताना काठापासून आत जावं आणि दर 10 ते 15 मीटरवर छिद्र पाडावं. छिद्रात टेप सोडून तिचं वाकडं टोक बर्फाच्या खालच्या कडेला अडकवायचं, मग वाचायचं. नुसतं वरून डोकावून काढलेल्या अंदाजावर विसंबू नये. ओढा जिथे तळ्यात शिरतो किंवा बाहेर पडतो, जिथे झरे आहेत, जिथे लव्हाळं उभं आहे किंवा धक्क्याचे खांब आहेत, तिथे त्याच दिवशी जाडी निम्मीही भरत नाही. रिंकची जागा यापासून लांब ठेवावी आणि धोक्याच्या जागांवर झेंडे लावावेत. दोघांनी मिळूनच जावं. गळ्यात बर्फात रुतवायचे टोकदार हातखिळे आणि काठावरच्या माणसाकडे दोर हवाच.

बर्फ जाड होतो तसा त्याचा वाढीचा वेग मंदावतो, कारण वरचा थरच खालच्या पाण्याला पांघरूण घालतो. पहिले 2 इंच व्हायला जेवढा वेळ लागला, त्याच थंडीत 2 चे 4 व्हायला साधारण तिप्पट लागतो. ज्यांना घाई आवरत नाही त्यांच्याकडे हे काम देऊ नये.

हिम काढणं

हिम पडायचं थांबलं की काही तासांत तळं साफ झालं पाहिजे. हिम थंडी अडवतं, त्यामुळे खालची वाढ थांबते. शिवाय हिमाच्या वजनाने बर्फ खाली दबतो, भेगांतून पाणी वर येतं, हिमात मिसळून त्याचा चिखल होतो आणि तो खडबडीत पांढरा होऊन गोठतो. असा पृष्ठभाग पुढे आठवडाभर घासला तरी काळ्या बर्फासारखा होत नाही.

काढलेलं हिम रिंकच्या कडेला रचून ठेवणं ही नेहमीची चूक. ढिगाऱ्याखाली बर्फ वाकतो, कडेने पाणी झिरपतं आणि नेमकी कोपऱ्यातली जागा कमकुवत होते. ते लांबवर ढकलून पातळ पसरावं. दोन रिंक शेजारी असतील तर मध्ये फूटभर उंचीचा बांध पुरतो, पक (चेंडूऐवजी वापरतात ती चकती) अडवायलाही तो कामी येतो.

पाणी मारणं

पूर्ण मापाची रिंक 200 फूट लांब आणि 85 फूट रुंद, म्हणजे जवळपास 1,580 चौरस मीटर. तिच्यावर 1 मिलिमीटरचा थर द्यायलाही 1,600 लिटरच्या आसपास पाणी लागतं. एक इंच पाणी एकदम सोडलं तर 40 टन वजन बर्फावर येतं. तळ्यावर थर पातळच का द्यायचा, याचं उत्तर या आकड्यात आहे.

रिंकपासून निदान 5 मीटर दूर छिद्र पाडावं, त्यात छोटा सबमर्सिबल पंप सोडावा आणि तळ्याचंच पाणी वापरावं. वेळ संध्याकाळनंतरची, तापमान उणे 7 ते उणे 15 अंश सेल्सिअस, वारा पडलेला. थर 2 ते 3 मिलिमीटरचा, आणि तो पूर्ण कडक झाल्याशिवाय दुसरा नाही. जाड थर वरून गोठतो, आत पाणी आणि हवा कोंडते, आणि सकाळी स्केटचं पातं त्या कवचातून खाली जातं. उणे 20 च्या खाली पाणी मारलं तर आखडलेला बर्फ तडकतो. हिमवृष्टी सुरू असताना मारलं तर पृष्ठभागावर खरखरीत कण कायमचे बसतात. काम संपलं की पाइप पूर्ण निथळून लगेच आत न्यायचा, आणि छिद्राभोवती अडथळा लावूनच जागा सोडायची.

मैदानावरची रिंक

तळं अजून कच्चं असताना लहान मुलांसाठी मैदानावर 30 × 15 मीटरची रिंक फार उपयोगी पडते. जमीन आधी गोठलेली हवी. उतार आधीच मोजावा: एका टोकाला 4 इंच उतार असेल तर त्या टोकाला बर्फही 4 इंच जास्त लागेल आणि फळ्यांवर तेवढा दाब येईल.

खाली प्लास्टिक अंथरणार असाल तर पांढरंच घ्यावं. गडद प्लास्टिक ऊन शोषून बर्फ खालून वितळवतं. प्लास्टिक नसेल तर 2 इंच हिम तुडवून घट्ट करावं आणि पाइपला बारीक फवाऱ्याचं तोंड लावून ते फक्त ओलं करावं. धार एका जागी धरली की हिमाला भोक पडतं, पाणी खालून निघून जातं आणि वर पोकळ कवच उरतं. पायाखाली डबडब आवाज आला की तो भाग फोडून काढायचा, हिम-पाण्याचा काला भरून लाकडी धुमसाने ठोकायचा. हा तळाचा थर नीट घट्ट बसल्यावरच पाण्याचे थर. मिनिटाला 20 लिटर देणाऱ्या पाइपने या 450 चौरस मीटरवर 3 मिलिमीटर चढवायला तासाहून थोडा जास्त वेळ लागतो.

रोजची निगा

खेळ संपल्यावर पृष्ठभागावर बर्फाचा चुरा असतो. तो खरवडून आणि झाडून काढल्याशिवाय पाणी मारू नये, नाहीतर चुरा आतच गोठतो. भेगांमध्ये काला दाबून भरावा, फळीच्या सरळ कडेने समतल करावा आणि तो गोठल्यावर वरून पातळ थर द्यावा. पात्याच्या रुंदीची भेगही घोटा मोडायला पुरेशी असते, तेव्हा ही तपासणी रोज चालत जाऊन, खाली वाकून करावी.

शेवटचा थर गरम पाण्याचा, साधारण 60 अंशांचा. गरम पाण्यात विरघळलेली हवा कमी असते आणि ते जुन्या बर्फाचा वरचा पदर किंचित वितळवून त्याच्याशी एकजीव होतं. फ्रँक झांबोनी यांनी कॅलिफोर्नियात 1949 मध्ये बनवलेलं यंत्र खरवडणं, चुरा उचलणं आणि पाणी पसरणं ही कामं एकदमच करतं. तळ्यावर तेवढं जड यंत्र नेता येत नाही. घसरगाडीवर 200 लिटरचं पिंप बसवावं, मागे 1.2 मीटरची आडवी नळी लावावी, तिला दर 5 सेंटिमीटरवर 2 ते 3 मिलिमीटरची छिद्रं पाडावीत आणि नळीला जाडसर टॉवेल लोंबता सोडावा. टॉवेल पाणी एकसारखं पसरतो. चालण्याच्या गतीने ओढलं की एका पिंपात 1 मिलिमीटरने 200 चौरस मीटर होतात. मध्येच थांबलात तर तिथे उंचवटा झालाच म्हणून समजा.

आखणी

गोल 6 फूट रुंद, 4 फूट उंच. पूर्ण मापात गोलरेषा टोकाच्या फळीपासून 11 फुटांवर असते आणि कोपरे 28 फूट त्रिज्येने वळवलेले असतात. तळ्यावर कोपरे आणि उंच फळ्यांच्या मागे लागू नये. फूटभर उंचीच्या फळ्या काल्यात रोवून गोठवल्या की भागतं, पण मग पक हवेत उडवून मारायला सक्त मनाई हवी. तो सुमारे 160 ग्रॅमचा कडक रबराचा तुकडा आहे आणि मागे जाळी नसते. गोल बर्फात पक्के गोठवू नयेत. आदळल्यावर ते सरकले पाहिजेत.

मैदानावरच्या रिंकमध्ये रेषांसाठी रंगीत कापडाच्या पट्ट्या दोन थरांमध्ये गोठवता येतात. मार्चच्या उन्हात निळी आणि लाल पट्टी आधी तापते आणि तिथे चर पडतो, म्हणून वर निदान इंचभर बर्फ हवा. तळ्यात रंग टाकूच नये.

शाळेकडे यंत्राने थंड ठेवलेली बंदिस्त रिंक असेल तर तिथे गणित उलटं होतं. काँक्रीटखालच्या नळ्यांतून थंडी वर येते, त्यामुळे बर्फ जेवढा जाड तेवढा वरचा भाग मऊ आणि यंत्रावर ताण जास्त. तिथे एक ते सव्वा इंच जाडी आणि हॉकीसाठी पृष्ठभाग उणे 5 अंशांच्या आसपास ठेवतात. दर आठवड्याला ठरलेल्या जागी बारीक ड्रिलने मोजून वहीत लिहावं. गोलसमोरचा भाग झिजतो आणि कडा चढतात, ते नोंदीशिवाय कळत नाही.

तळं कधी बंद करायचं

वसंताच्या तोंडावर जाडी फसवते. 10 इंच बर्फ उन्हाने उभ्या काड्यांमध्ये सुटा होतो, राखाडी दिसतो आणि पहारीच्या एका घावात आरपार जातो. रात्री गोठून दिवसा शून्याच्या वर जाणारे सलग दोन-तीन दिवस आले, किंवा काठाशी पाण्याची पट्टी सुटली, की त्याच दिवशी तळं बंद. फळ्या आणि गोल त्याआधीच, बर्फ कडक असताना पहाटे काढून घ्यावेत. नंतर ते आणायला कुणालाही पाठवू नये. मैदानावरचं प्लास्टिकही लगेच उचलावं, नाहीतर खालचं गवत कुजतं आणि वसंतातल्या खेळांना मैदान मिळत नाही.