जुन्या लेन्स, नवी बॉडी

निकॉन एफएम२ या फिल्म कॅमेऱ्यावर मी 19 वर्षं फोटो काढले. लेन्स तीनच: 28, 50 आणि 105 मिमी. आकडा जितका लहान, तितकं रुंद दृश्य चौकटीत मावतं. डिजिटलकडे वळताना मी आधी बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा, घेतली आणि मग लेन्सचा विचार केला. तुम्ही असं करू नका. आधी लेन्स टेबलावर मांडा, त्यातली कुठली हातातून सुटत नाही ते ठरवा, आणि त्या लेन्सला शोभेल अशी बॉडी शोधा.

माझी पहिली डिजिटल बॉडी लहान सेन्सरची होती. सेन्सर म्हणजे फिल्मच्या जागी चित्र टिपणारा भाग. फिल्मची चौकट 36 × 24 मिमी असते. सेन्सर त्याहून दीडपट लहान असला, की 28 मिमीची लेन्स 42 मिमीसारखी दिसते. मी 28 मिमीवर वाढलेली. खोलीच्या कोपऱ्यात पाठ टेकवून उभं राहिलं तरी समोरचे सगळे चौकटीत मावेनात. शिवाय त्या बॉडीचा प्रकाश मोजणारा मीटर माझ्या लेन्सबरोबर चालायचाच नाही, प्रत्येक फोटो अंदाजाने काढावा लागे. दोष माझा, आधी विचारायला हवं होतं. वाइड, म्हणजे रुंद दृश्याची लेन्स लाडकी असेल तर फुल फ्रेमच (फिल्मच्या चौकटीएवढा सेन्सर) घ्या, थोडं थांबावं लागलं तरी चालेल. लांबच्या लेन्सवर प्रेम असेल, तर मात्र लहान सेन्सर फायद्याचाच.

आता माउंट, म्हणजे बॉडीवर लेन्स अडकवायची जागा. लेन्स जिथे बसते तिथपासून फिल्म किंवा सेन्सरपर्यंतचं अंतर प्रत्येक माउंटचं ठरलेलं असतं. निकॉन एफचं, म्हणजे माझ्या लेन्सचं, 46.5 मिमी, कॅननच्या जुन्या एफडीचं 42. नव्या बॉडीचं अंतर कमी असेल, तर मधली जागा अडॅप्टर, म्हणजे लेन्स आणि बॉडीमधला जोड, भरून काढतो. मिररलेसमध्ये आरसाच नाही, त्यामुळे हे अंतर फार कमी: सोनी ई 18 मिमी, निकॉन झेड 16. म्हणजे माझ्या लेन्सला सोनीवर 28.5 मिमी जाडीची पोकळ नळी पुरते, आत काच लागत नाही. कॅननच्या आरशाच्या डिजिटल बॉडीचं अंतर मात्र 44 मिमी. तिथे एफडी लेन्स साध्या अडॅप्टरने लावली, तर दूरचा डोंगर कधीच फोकसमध्ये येत नाही. त्यासाठी काचेचा अडॅप्टर लागतो, आणि जादा काच आली की चित्र मऊ पडतं. म्हणून जुन्या लेन्ससाठी मी मिररलेसच सुचवेन.

लेन्स लावण्याआधी अपर्चर, म्हणजे प्रकाश आत सोडणारं पात्यांचं छिद्र, पूर्ण उघडा, अंधाऱ्या खोलीत मागून टॉर्च तिरका धरा आणि समोरून पाहा. कोळिष्टकासारखे बारीक तंतू दिसले तर ती बुरशी. दोनचार धूळकण असले तर घाबरू नका, चित्रात दिसत नाहीत. अपर्चरची पाती तेलकट चमकत असतील, तर ती अडकण्याआधी सर्व्हिसिंग करून घ्या.

लेन्स बसवली आणि शटर सुटतच नाही? साध्या अडॅप्टरला विजेचे संपर्क नसतात, त्यामुळे कॅमेऱ्याला वाटतं लेन्सच नाही. मेनूत ‘लेन्स नसतानाही शटर चालू’ हा पर्याय सुरू करा. बॉडीत हाताची थरथर सावरणारं स्टॅबिलायझेशन असेल तर लेन्सचे मिलिमीटर हाताने भरा. लेन्स बदलली की पुन्हा भरा. हे मी अजूनही विसरते. मोड ‘ए’वर ठेवा, अपर्चर रिंगवर फिरवा, शटर स्पीड कॅमेरा निवडेल.

फोकससाठी रंगीत कडा दाखवणारं पीकिंग चांगलं, पण अपर्चर 1.8 इतकं उघडं असताना त्यावर भरवसा ठेवू नका. चित्र मोठं करा, पापणीवर आणा, रिंग थोडी पुढे नेऊन परत मागे आणा. पापण्यांचे केस सुटेसुटे दिसले की दाबा.

एक सवय मात्र मोडावी लागली. निगेटिव्हला मी एक स्टॉप, म्हणजे दुप्पट प्रकाश द्यायची, ते सोसायचं. सेन्सरवर पांढरा भाग एकदा जळाला की त्यात काहीच उरत नाही. आता मी हिस्टोग्रामची, म्हणजे चित्रातला उजेड-अंधार दाखवणाऱ्या आलेखाची, उजवी कड पाहते आणि प्रकाश थोडा कमीच घेते.

कुठल्या अपर्चरवर फोटो काढला, हे फाइलमध्ये नोंदलं जात नाही. त्यासाठी रोलच्या काळातली खिशातली वही पुन्हा काढलीये.