काँक्रीटच्या भिंतीत आणि स्लॅबमध्ये भोक पाडताना या चुका टाळा

पुस्तकांचं शेल्फ लावून सात-आठ महिने झाले होते. एका रात्री धाडकन आवाज आला. जाऊन पाहिलं तर शेल्फ एका टोकाला लोंबकळत होतं आणि पुस्तकं जमिनीवर पसरली होती. स्क्रू तुटला नव्हता, भोकात स्क्रूभोवती बसणारा प्लास्टिकचा प्लगही फाटला नव्हता. दोन्ही अखंड बाहेर आले होते आणि प्लगच्या दातांमध्ये पिठासारखी करडी भुकटी घट्ट बसली होती. भिंत पक्की होती, स्क्रूही जाड होता. घोळ भोकात होता.

हा रॉल प्लग काय करतो ते नीट समजलं की निम्म्या चुका आपोआप टळतात. स्क्रू आत जातो तसा प्लग फुगतो, भोकाच्या कडांवर दाब देतो आणि त्या घर्षणावर सगळा भार राहतो. आज सगळीकडे दिसणारा नायलॉनचा फुगणारा प्लग जर्मनीच्या आर्टुर फिशर यांनी १९५८ मध्ये तयार केला. तेव्हापासून तत्त्व तेच आहे. प्लग आणि काँक्रीट यांच्यामध्ये भुकटीचा थर राहिला, तर प्लग त्या भुकटीला धरून बसतो आणि ती हळूहळू सरकते. म्हणून भोक साफ न करता प्लग ठोकणं ही मी सगळ्यात मोठी चूक मानतो. हातपंपाने हवा मारा, बारीक ब्रश फिरवा, पुन्हा हवा मारा. व्हॅक्यूम क्लीनर असेल तर उत्तमच. तोंडाने फुंकर मारू नका, सगळी भुकटी थेट डोळ्यात येते.

दुसरी चूक गिलाव्याच्या भरवशावर राहण्याची. काँक्रीटवर बहुधा एक ते दोन सेंटिमीटर प्लास्टर असतं आणि त्यात ताकद जवळपास नसते. ३० मिमीचा प्लग १५ मिमी प्लास्टरमध्ये बसवला तर निम्मा प्लग काहीच धरत नाही. प्लग आत सरकवून पूर्णपणे काँक्रीटमध्ये न्यायचा आणि स्क्रूची लांबी त्याप्रमाणे घ्यायची. समजा प्लग ४० मिमी, प्लास्टर १५, ब्रॅकेटची पट्टी ३, आणि स्क्रूचं टोक प्लगच्या पलीकडे ५ मिमी निघायला हवं. बेरीज ६३, म्हणजे ६५ मिमीचा स्क्रू. भोक ७० मिमी खोल पाडा, म्हणजे उरलीसुरली भुकटी तळाशी बसायला जागा राहते. ही खोली ड्रिलच्या बिटवर, म्हणजे भोक पाडणाऱ्या दांड्यावर, चिकटपट्टीची खूण करून ठरवा. अंदाजाने पाडलेलं भोक हमखास उथळ राहतं, मग स्क्रू अर्ध्यात अडतो आणि आपण तो जोर लावून पिळत बसतो.

बिट पुढे सरकतच नाही

आधी फिरण्याची दिशा बघा. मशीन उलट्या दिशेला असेल तर बिट नुसतं घासत राहतं, आणि ही चूक रोज हातात ड्रिल धरणाऱ्यांकडूनही होते. मग हॅमरचं, म्हणजे फिरता फिरता ठोके देण्याचं, बटण चालू आहे का ते पाहा. शेवटी बिट बघा. काँक्रीटच्या बिटच्या टोकाला कार्बाइडची, दांड्यापेक्षा किंचित रुंद पाती असते. लाकडाचं किंवा लोखंडाचं बिट इथे काही सेकंदांत बोथट होतं.

हे सगळं बरोबर असूनही काम होत नसेल तर मशीनच अपुरं आहे. साध्या इम्पॅक्ट ड्रिलमध्ये दातेरी चकत्या एकमेकींवर घासून ठोके देतात, त्यामुळे बराच जोर आपल्याला लावावा लागतो. रोटरी हॅमरमध्ये पिस्टन आतली हवा दाबतो आणि त्या दाबाने ठोका बसतो. तिथे अंगाचा भार टाकण्याची गरज नसते, उलट जास्त रेटलं तर ठोका मंदावतो. विटांच्या भिंतीत दोनचार भोकं पाडायची तर इम्पॅक्ट ड्रिल चालतं. स्लॅब, बीम किंवा कॉलम असेल तर रोटरी हॅमर भाड्याने आणा, उगाच झगडू नका.

दर काही सेकंदांनी बिट थोडं मागे ओढून भुकटी बाहेर काढत जा. ती आत कोंडली की बिट तापतं, टोक निळं पडतं आणि पाती निखळते. थंड करायला पाणी ओतू नका, हातात विजेचं यंत्र आहे.

भुकटी बघत राहा. लाल आली तर वीट आहे. करडी, बारीक आणि सावकाश येणारी भुकटी काँक्रीटची. पांढरट येऊन बिट लोण्यात शिरल्यासारखं गेलं तर हलका ब्लॉक असण्याची शक्यता मोठी. तिथे हॅमर बंद करा आणि त्या ब्लॉकसाठी मिळणारा वेगळा प्लग वापरा, कारण ठोक्यांनी भोक आतून चुरा होऊन रुंदावतं.

मध्येच सळई लागली

तीनचार सेंटिमीटर सुरळीत गेलेलं बिट एकदम थांबतं. आवाज बदलतो, घरघर जाऊन खणखणीत ठणठण येऊ लागते. भुकटी येणं बंद होतं आणि कधी चमचमता लोखंडी कीस दिसतो. हे दिसलं की थांबा. रेटून सळई कापायची नाही, बीम आणि कॉलममध्ये तर मुळीच नाही, कारण भार तीच पेलते. बिट तिरकं करून बाजूने काढण्याचा मोहही आवरा. तिरक्या भोकात स्क्रू वाकडा बसतो. नवीन भोक जुन्यापासून त्याच्या खोलीच्या दुपटीइतकं दूर घ्या. ते जमणार नसेल तर जुनं भोक न आकसणाऱ्या पक्क्या मॉर्टरने भरून पूर्ण सुकू द्या. काही इमारतींच्या स्लॅबमध्ये ताणलेल्या पोलादी केबल असतात. तसा स्लॅब असेल तर नकाशा पाहिल्याशिवाय त्याला हातच लावू नका.

वायर आणि पाण्याचे पाइप यांचीही भीती खरी आहे. स्विचबोर्डच्या सरळ वर, खाली आणि आडव्या रेषेत भोक पाडू नका. स्लॅबमध्ये मात्र वायरचे पाइप काँक्रीट ओतण्याआधी टाकलेले असतात आणि दिव्याच्या पॉइंटपासून भिंतीकडे वाटेल तसे तिरके जातात. त्या भागाचा एमसीबी बंद करून बॅटरीचं ड्रिल वापरा. आतली वायर, पाइप शोधणारा डिटेक्टर जरूर फिरवा, पण त्याने काही दाखवलं नाही म्हणजे आत काहीच नाही असं समजू नका.

स्लॅबला टांगायचं असेल तर

भिंतीवर भार खाली ओढतो आणि स्क्रू आडवा असल्यामुळे काँक्रीट त्याला आधार देतं. छतात तोच भार प्लगला थेट बाहेर खेचतो. म्हणून जड वस्तू किंवा हलणारं, थरथरणारं काहीही प्लास्टिकच्या प्लगवर टांगू नका. धातूचा अँकर फास्टनर घ्या. त्याच्या पाकिटावर भोकाचा व्यास, खोली आणि नट किती आवळायचा ते दिलेलं असतं, तसंच करा. कमी आवळला तर तो पुरता फुगत नाही, जास्त आवळला तर आटे जातात. काँक्रीटच्या कडेजवळ तो बसवू नका, फुगताना कड फुटते.

छतात ड्रिल करताना शिडीवर उभं राहून दोन्ही हातांनी बाजूच्या मुठीसह मशीन धरा आणि ट्रिगर लॉक करू नका. बिट अडकलं की मशीन गरकन फिरतं आणि मनगट पिरगळतं. चष्मा आणि एन ९५ मास्क घाला. काँक्रीटच्या धुळीत सिलिका असते आणि ती फुफ्फुसांना कायमचं नुकसान करते. बिटवर प्लास्टिकचा कप उलटा चढवला तर बरीच भुकटी त्यातच पडते.

भोक मोठं झालं

प्लग गरगर फिरतोय म्हणून काड्या किंवा लाकडाची गुल्ली ठोकू नका. लाकूड हवेप्रमाणे फुगतं, आकसतं आणि एक दिवस सुटतं. ६ मिमीचं भोक ८ मिमी करून मोठा प्लग बसवा. तेही जमत नसेल तर इंजेक्शनने भरायचा रासायनिक अँकर वापरा आणि तो सुकेपर्यंत वस्तूला हात लावू नका. पुढच्या वेळी सुरुवात बारीक बिटने, हॅमर बंद ठेवून, मंद वेगाने करा. खळगा पडला की बिट घसरत नाही.

ते शेल्फ मी पुन्हा लावलं तेव्हा दोन्ही ब्रॅकेट बाजूला सरकवले, जुनी भोकं भरली, ८ मिमीचे प्लग घेतले आणि प्रत्येक भोकात तीनदा हवा मारली. स्क्रू शेवटच्या दोन वळणांना इतका जड गेला की पान्हा दोन्ही हातांनी धरावा लागला. पुस्तकं चढवण्याआधी मी ब्रॅकेटला हाताने लोंबकळून पाहिलं. तो हलला नाही.