मळ्यात गुरं सोडताय? आधी पर्णकृमीचं बघा: कोकण कपिला पाळणाऱ्यांसाठी दसरा ते माघ

भात कापलं की गुरं मळ्यात सुटतात. पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंत हीच रीत आहे, आणि कोकणातली कितीतरी जनावरं याच आठवड्यांत मरणाचं बी पोटात घेतात. ते उगवतं पौष-माघात. तेव्हा घरात बोललं जातं की वैरण कमी पडली, म्हातारं झालं होतं, कुणाची तरी नजर लागली. प्रत्यक्षात जनावर पर्णकृमीने गेलेलं असतं, मळ्यातल्या पाण्याकाठच्या गवतातून पोटात गेलेल्या चपट्या किड्यांनी. यंदा तुमच्याकडे परतीचा पाऊस लांबला असेल आणि कापणीनंतरही चोंढ्यात, म्हणजे सखल पाणथळ शेतात, पाणी उभं असेल, तर हे काम आजच हातात घ्या. बाकीची कामं आठवडाभर मागे पडली तरी चालतील.

कोकण कपिला ही आपली डोंगर-कातळावरची जात. २०१८ साली तिची स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय पातळीवर नोंद झाली. अंगाने लहान, पायाने घट्ट, मुसळधार पावसात आणि सड्यावरच्या, म्हणजे कातळमाळावरच्या, उन्हात सारखीच टिकणारी. पण काटक आहे म्हणून तिला काही होत नाही, हा समज गोठे रिकामे करतो. स्कॉटलंडच्या ओल्या पश्चिम किनाऱ्यावर लांब केसांची हायलँड गुरं पाळणारेही याच किड्याच्या तिथल्या भाऊबंदांशी झगडतात, आणि ती जात तर कपिलेपेक्षा कितीतरी थोराड. काटक जनावर आजारी पडत नाही असं नाही. ते आजार उशिरा दाखवतं, आणि तोवर यकृत अर्धं खराब झालेलं असतं.

किडा पोटात जातो कसा, ते एकदा नीट समजून घ्या, म्हणजे औषधाच्या तारखा आपोआप कळतील. बाधित गुराच्या शेणातून अंडी पाण्यात पडतात. दोन-तीन आठवड्यांत ती फुटतात आणि त्यातून निघालेल्या पिल्लाला साधारण दिवसभरात पाणगोगलगाय सापडावी लागते, नाहीतर ते मरतं. गोगलगायीच्या पोटात ते दीड-दोन महिने वाढतं, एकाची शेकडो पिल्लं होतात, बाहेर पडतात आणि पाण्यातल्या गवताच्या, भाताच्या देठाला पुटी होऊन, म्हणजे टणक कवचाची बारीक गाठ होऊन, चिकटतात. पावसाळाभर हा कारखाना चालू असतो. कापणीच्या वेळी पाणी ओसरतं, पुट्या उघड्या पडतात, आणि नेमकं तेव्हाच आपण दावं सोडतो. सड्यावरचं गवत पिवळं पडलेलं, मळ्यात मात्र पाण्याच्या कडेला हिरवा पट्टा. गुरं तिथेच तोंड घालणार.

हे पर्णकृमी दोन तऱ्हेचे, पोटातले आणि यकृतातले, म्हणून त्यातून आजाराच्या दोन लाटा येतात. पहिली कार्तिक-मार्गशीर्षात. पोटातल्या पर्णकृमीची पिल्लं आधी लहान आतड्यात आतडं कुरतडत राहतात, म्हणून वासरं, कालवडी आणि खोंड पिचकारीसारखं पातळ, सडक्या वासाचं हगतात. शेण काठीने पसरून बघा. तांदळाच्या कणीएवढे गुलाबी दाणे दिसले तर तीच पिल्लं. दुसरी लाट पौष-माघातली, यकृतातल्या मोठ्या किड्यांची. त्यांना वाढायला तीन-चार महिने लागतात, म्हणून दिवाळीत खाल्लेलं माघात दिसतं.

ही दुसरी लाट ओळखायची खूण जबड्याखाली आहे. संध्याकाळी गुरं परतली की खालच्या जबड्याखालची कातडी हातात घ्या. पिशवीसारखी लोंबत असेल, गार लागत असेल, बोट दाबल्यावर खड्डा राहत असेल, तर ते पाणी आहे. दिवसभर मान खाली घालून चरल्याने ते तिथे उतरतं आणि रात्री बसून राहिल्यावर जिरतं. सकाळी दूध काढताना जबडा साफ दिसतो, म्हणून मालकाला ते महिनाभर कळतच नाही. संध्याकाळीच बघा. लगेच डोळ्याची खालची पापणी खाली ओढा. आतून लालसर गुलाबी हवी. धुतलेल्या कापडासारखी पांढरी असेल तर रक्त संपत आलंय.

एक फरक मात्र जिवावरचा आहे. घशाची सूज गरम असेल, हात लावल्यावर दुखत असेल, सोबत ताप आणि घरघर असेल, तर तो घटसर्प. तिथे तासाचाही उशीर नको, ताबडतोब डॉक्टर बोलवा किंवा १९६२ या पशुवैद्यकीय मदत क्रमांकावर फोन करा.

आता औषध. कृषी सेवा केंद्रात नाहीतर औषधाच्या दुकानात 'जंताचं औषध द्या' म्हणालात की जे समोर येतं, त्यातलं बरंचसं पर्णकृमीवर चालत नाही. आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन गोचीड आणि गोलकृमीवर चांगलं, पर्णकृमीवर शून्य. फेनबेंडाझोलही गोलकृमीचंच. आणि लिटरभराची ती लिव्हर टॉनिकची बाटली! यकृतात किडे तसेच ठेवून टॉनिक पाजणं म्हणजे गळक्या हंड्यात पाणी भरणं. त्याच पैशात दोन-तीन जनावरांचं खरं औषध येतं. बाटलीवरचं गाईचं चित्र बघू नका, बारीक अक्षरातला घटक वाचा.

ऑक्सिक्लोझानाइड: वजनाच्या दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम. यकृतातल्या मोठ्या किड्यांवर आणि पोटातल्या पर्णकृमीवर चालतं. जुलाब लागलेल्या लहान जनावराला डॉक्टर तीन दिवसांच्या अंतराने दोन मात्रा देतात, तो दुसरा डोस चुकवू नका. यकृतातल्या कोवळ्या किड्यांवर याचा भरवसा नाही.

ट्रायक्लाबेंडाझोल: दर किलोला १२ मिलिग्रॅम. यकृतातल्या लहान-मोठ्या सगळ्या किड्यांवर चालतं, पोटातल्या पर्णकृमीवर नाही. जबडा सुजलेल्या जनावरासाठी डॉक्टरांकडे याची चौकशी करा.

अल्बेंडाझोल: दर किलोला १० मिलिग्रॅम, तेही फक्त मोठ्या यकृतकृमीवर. गाभण गाईला पहिल्या तीन महिन्यांत अजिबात नको.

ऑक्सिक्लोझानाइडसोबत लेव्हामिसोल मिसळलेली औषधंही सर्रास मिळतात. ती अंदाजाने जास्त पाजली की जनावर लाळ गाळतं, थरथरतं. म्हणून वजन मोजल्याशिवाय मात्रा ठरवू नका. काटा नसला तरी टेप असतोच. पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर इंचात घ्या, खांद्याच्या पुढच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी घ्या. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ६६०, उत्तर किलोत. घेर ५८ आणि लांबी ४८ असेल तर वजन साधारण २४५ किलो. त्याला १० मिलिग्रॅमने ऑक्सिक्लोझानाइड लागेल २.४५ ग्रॅम, म्हणजे ३.४ टक्क्यांचं पातळ औषध सुमारे ७२ मिली. डोळ्याने बघून '५० मिली पुरे' म्हणणाऱ्यांची जनावरं औषध पिऊनही मरतात. कमी मात्रेतून वाचलेले किडे पुढच्या वर्षी त्या औषधाला दाद देत नाहीत, हे नुकसान वेगळंच.

पाजताना मान आडवीच धरा, नाक डोळ्याच्या वर जाऊ देऊ नका. ठसका लागला की थांबा. औषध फुफ्फुसात गेलं तर कृमीआधी तेच मारेल. दुभत्या गाईचं दूध किती दिवस वापरायचं नाही, ते लेबलवर बघा किंवा डॉक्टरांना विचारा, आणि तेवढे दिवस पाळा.

तारखा अशा धरा. मळ्यात सोडण्याआधी एकदा. सोडल्यावर पाच-सहा आठवड्यांनी लहान जनावरांना पुन्हा. साधारण तीन-साडेतीन महिन्यांनी, म्हणजे जानेवारीच्या अखेरीस, सगळ्यांना. पुढे मे अखेरीस पावसाआधी एकदा, म्हणजे नव्या पाण्यात अंडी पडणार नाहीत. 'दिवाळीला पाजलंय की' या एका वाक्यावर सगळ्यात जास्त गुरं जातात. यातली बहुतेक औषधं पाजली त्या दिवशी पोटात असलेले किडे मारतात, आठवड्याने खाल्लेल्या पुट्यांवर त्यांचा काही इलाज नाही.

म्हणून निम्मं काम पाण्यावर करा. घरातली जुनी चाळण घेऊन मळ्याच्या कडेने, पऱ्याच्या (ओढ्याच्या) संथ भागात, दहा ठिकाणी गवताच्या बुंध्याशी फिरवा. पातळ तपकिरी कवचाची टोकदार गोगलगाय किंवा जिलबीसारखी चपटी गुंडाळी मिळाली, तर ती जागा माघ संपेपर्यंत गुरांना बंद. चिऱ्याचा गडगा घाला, नाहीतर काट्यांची वई. चाळण मारायला वेळ नसेल तर एक अंदाज सांगतो: खुराच्या ठशात दुसऱ्या दिवशीही पाणी दिसतं ती जागा वाईटच. आणि मुग्धबलाक पक्षी ज्या चोंढ्यात रोज उतरतात तिथे गोगलगायी असणारच, कारण तो त्यांचा घास. हा अंदाज आहे, पुरावा नव्हे, पण गुरं दुसरीकडे वळवायला पुरेसा आहे.

खाजणात रोज भरतीचं खारं पाणी येतं तिथे या गोगलगायी टिकत नाहीत. खाजणाच्या वरच्या कडेला गोड्या पाण्याचा पाझर असेल तर तिथे मात्र सांभाळा.

प्यायला डोण भरा. मोठ्या जनावराला दिवसाला २० ते ३० लिटर धरा, उन्हं वाढली की जास्त. डोणीभोवती जांभ्याचे तुकडे पसरा आणि सांडलेलं पाणी लांब काढा, नाहीतर चिखल होऊन डोणीपाशीच नवा चोंढा तयार होतो. पाण्यात मोरचूद टाकायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. मासे मरतील, विहिरीला धोका, आणि पुढच्या पावसात गोगलगायी परत येतील.

पेंढ्याचंही तेच. पाण्यात उभ्या भाताच्या ताटाच्या खालच्या तिसऱ्या भागावर पुट्या जास्त असतात. पाणथळ चोंढ्यातलं भात शक्य तर थोडं वरून कापा, आणि तो पेंढा तीन-चार दिवस कडक उन्हात उलटसुलट करून मगच उडवीत रचा. ओला पेंढा कापल्या दिवशी गुरांपुढे टाकू नका. दव सुकल्यावर गुरं सोडण्याची जुनी पद्धत चांगली आहे, गोलकृमी त्याने कमी होतात, पर्णकृमीला मात्र फरक पडत नाही, कारण त्याची पुटी देठाला घट्ट चिकटलेली असते.

इतर कामं:
- लाळ्या-खुरकूत लस: दर सहा महिन्यांनी.
- घटसर्प, फऱ्या: पावसाआधी, मे महिन्यात.
- लम्पी: वर्षातून एकदा.
- संसर्गजन्य गर्भपात लस: फक्त ४ ते ८ महिन्यांच्या कालवडींना, एकदाच.
- वासराला गोलकृमीचं औषध: १५ ते २१ दिवसांचं झाल्यावर.
- खनिज मिश्रण: मोठ्या जनावराला रोज ३० ते ५० ग्रॅम, मीठ २० ते ३० ग्रॅम.
- युरिया प्रक्रिया: १०० किलो पेंढा, ४ किलो युरिया, ५० ते ६० लिटर पाणी, २१ दिवस हवाबंद. सहा महिन्यांखालच्या वासरांना देऊ नये.
- घाणेरी: चाऱ्याच्या टंचाईत गुरं खातात, कावीळ होते. गोठ्याजवळची उपटा.

शेण तपासायला नेताना जमिनीवरचं उचलू नका. हातमोजा घालून थेट गुदद्वारातून ३० ते ५० ग्रॅम काढा, झाकणाच्या डबीत भरा, सावलीत त्याच दिवशी पोहोचवा. पर्णकृमीची अंडी जड असतात, म्हणून 'तळाशी बसवून तपासा' असं आवर्जून सांगा. तरंगवण्याच्या पद्धतीत ती दिसत नाहीत आणि 'कृमी नाहीत' असा निकाल येतो. जुलाबाच्या पहिल्या लाटेत तर कोणत्याच पद्धतीत अंडी मिळत नाहीत, कारण किडे अजून अंडी घालायच्या वयाचे नसतात. तेव्हा रिकाम्या निकालावर विसंबू नका. शेणातले गुलाबी दाणे आणि पापणीचा रंग डॉक्टरांना सांगा आणि उपचार सुरू करा.