डिजिटल डिझायनरचा पहिला पोर्टफोलिओ कसा तयार करावा

डिजिटल डिझायनरचे काम स्क्रीन सुबक करण्यापुरते नसते. वापरणाऱ्याला काय साधायचे आहे, तो नेमका कोठे अडतो आणि पुढची पायरी त्याला सहज कशी सापडेल, हे ठरवणे हा त्या कामाचा गाभा आहे. म्हणून पोर्टफोलिओत, म्हणजे आपल्या कामाच्या निवडक नमुन्यांच्या संग्रहात, चित्रांची गर्दी न करता दोन-तीनच प्रकल्प, पण निर्णयांच्या कारणांसह मांडावेत.

त्यांतला एक मराठीतला असावा, असा माझा आग्रह आहे. उदाहरणार्थ, एसटीच्या तिकीट आरक्षणाची स्क्रीन फिग्मा या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये नव्याने रचून पाहावी. इंग्रजीसाठी बेतलेल्या ओळींमध्ये वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या मात्रांना आणि रफारांना भिडतात. अशा वेळी ओळींमधले अंतर वाढवावे, अक्षरांमधले मात्र वाढवू नये, कारण त्यामुळे शिरोरेषा तुटते. ‘मुक्ता’सारखा मुक्तस्रोत फॉन्ट वापरावा आणि मजकूर व पार्श्वभूमी यांच्या उजळपणातील फरकाचे गुणोत्तर (कॉन्ट्रास्ट रेशो) किमान ४.५:१ ठेवावे.

मग हा नमुना घरातल्या एखाद्या वडीलधाऱ्या व्यक्तीच्या हाती द्यावा आणि काहीही न सुचवता पाहत बसावे. बोट जेथे थबकेल तेथे रचना बदलावी आणि आधीची व नंतरची स्क्रीन शेजारी-शेजारी दाखवावी. मुलाखतीत बहुतेक प्रश्न याच जोडीवर निघतात.

या कामासाठी डिझाइनची पदवी सक्तीची नाही. पदवीनंतर पद्धतशीर शिक्षण हवे असल्यास आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागातील एम.डेस. या पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी ‘सीड’ ही प्रवेशपरीक्षा द्यावी लागते.